अडीच तोळे लोकर

मंडळी, या वीकेंडचा विषय विणकाम. थांबा, लगेच पळू नका. यात इतिहास आहे, भूगोल आहे आणि चवीपुरतं प्रोग्रॅमिंगसुद्धा आहे.

अलास्काहून आलेल्या मैत्रिणीने मला लोकरीची एक लडी आणून दिली. वजन एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, म्हणजे आपल्या हिशेबात जेमतेम अडीच तोळे. रंग मातकट, तपकिरी-करडा. बाजारात अशा एका लडीला शंभर डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. एवढ्या पैशात पुण्यात अख्ख्या घराचे स्वेटर होतील, हे मान्य. पण ही मेंढीची लोकर नाही. हिचं नाव किव्हियुट, आणि ही येते मस्क ऑक्सकडून.

मस्क ऑक्स म्हणजे शब्दशः कस्तुरीबैल. गंमत अशी की याच्यात कस्तुरी नसते आणि हा बैलही नाही. नात्याने हा शेळ्यामेंढ्यांच्या जवळचा. वर जमिनीपर्यंत लोंबणारे राठ केस आणि त्याखाली अत्यंत मऊ, बारीक लव. हिवाळा संपला की ही लव आपोआप सुटून येते. पाळलेल्या जनावरांची ती विंचरून काढतात, कातरावी लागत नाही. एका मोठ्या जनावराकडून वर्षाला साधारण दोन-तीन किलो मिळते.

अलास्कात हा प्राणी एकोणिसाव्या शतकातच संपला होता. लांडगे आले की मस्क ऑक्स पळत नाहीत, पिल्लांना आत घेऊन शिंगं बाहेर करून गोल उभे राहतात. लांडग्यांपुढे हे उत्तम चालतं. बंदुकीपुढे म्हणजे आयतं लक्ष्य. १९३० साली अमेरिकी सरकारने पूर्व ग्रीनलंडमध्ये पकडलेले ३४ मस्क ऑक्स विकत घेतले आणि बोट, रेल्वे, पुन्हा बोट, पुन्हा रेल्वे असं करत फेअरबँक्सला आणले. १९३५-३६ मध्ये त्यांतले उरलेले आणि तिथे जन्मलेले मिळून ३१ जण बेरिंग समुद्रातल्या नुनिव्हाक बेटावर सोडले. १९६८ पर्यंत त्यांचे सुमारे ७५० झाले.

आता इथे जॉन टील नावाचा माणूस येतो. हा मानववंशशास्त्रज्ञ. याचं म्हणणं असं की आर्क्टिकमध्ये दक्षिणेकडच्या गायी-मेंढ्या नेण्यापेक्षा तिथलाच प्राणी माणसाळवा. १९५४ मध्ये त्याने कॅनडातून बछडी पकडून व्हर्मांटमध्ये हा प्रयोग सुरू केला आणि १९६४ मध्ये अलास्का विद्यापीठाच्या मदतीने फेअरबँक्सला कळप उभा केला. जनावरं कुठून आणली? नुनिव्हाकवरून.

लोकर तर मिळाली. पुढे काय? इथे जो निर्णय झाला तो मला या सगळ्या कथेतला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कच्ची लोकर एखाद्या मोठ्या गिरणीला विकून मोकळं होणं सोपं होतं. आपल्याकडे पश्मिन्याचं बऱ्याच अंशी तेच होत आलं आहे. लडाखमधल्या चांगथांगच्या कडाक्यात शेळ्या सांभाळायच्या मेंढपाळांनी, आणि शालीची किंमत चढत जायची ती माल तिथून खाली उतरल्यावर. टीलच्या मंडळींनी ठरवलं की सूत कताई गिरणीत होऊ दे, पण त्या सुताची वस्तू गावातच बनली पाहिजे. गावातल्या घरांत जागा कमी, तिथे माग कुठे ठेवणार? दोन सुया मात्र कुठेही मावतात. मासेमारीचा हंगाम आला की विणकाम गुंडाळून ठेवता येतं, आणि हिवाळ्यात पुन्हा काढता येतं. शिकार आणि मासळीवर पोट भरतं हो, पण तेल, बंदुकीची काडतुसं यांना रोख पैसेच लागतात. ते कमवायला गाव सोडून जायला लागू नये, हा सगळ्याचा गाभा.

डिसेंबर १९६८ मध्ये नुनिव्हाकवरच्या मेकोरयुक या एकुलत्या एक गावात पहिला वर्ग भरला. ॲन शेल यांनी तो घेतला. पहिला नमुना होता हारपूनचा, तिथल्या हस्तिदंती हारपूनच्या जुन्या टोकावरच्या नक्षीवरून घेतलेला. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, विणणाऱ्या बायकांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली, ऊमिंगमॅक. हा शब्द तिकडचा, अर्थ 'दाढीवाला', म्हणजे अर्थातच मस्क ऑक्स. मग एकेक गाव येत गेलं आणि गावागणिक नमुना वेगळा झाला. (सहकारी संस्था म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे साखर कारखाना येतो. इथे चेअरमनची गाडी नाही, एवढा फरक समजून घ्या.)

आता प्रोग्रॅमिंग. त्या काळी अमेरिकेत विणीचे नमुने इंग्रजी संक्षेपांत, ओळीमागून ओळ लिहिलेले असत. आपल्या 'दोन सुलट, एक उलट, दोन एकत्र' सारखेच, पण पानभर. नुनिव्हाकवरच्या बायकांची भाषा चुपिग. मग त्यांनी हे वाचायचं कसं? उत्तर ओरेगनमधल्या डोरोथी रीड या बाईंकडे होतं. त्यांनी किव्हियुट स्वतः हाताने कातून पाहिलं होतं आणि जाळीची वीण चौकटीच्या कागदावर खुणांनी मांडायची पद्धत बसवली होती. सुलट टाका म्हणजे उभी रेघ. सुईवर धागा घेऊन भोक पाडायचं तिथे गोल. दोन टाके एकत्र करायचे तिथे तिरकी रेघ, आणि रेघ जिकडे कलते तिकडेच विणलेला टाका कलतो. म्हणजे कागदावर जे दिसतं तेच हातात तयार होतं. भाषा कुठलीही असो, दस्तऐवज एकच. आम्ही ऑफिसात चाळीस पानी स्पेसिफिकेशन लिहितो आणि तरी तिसऱ्या दिवशी फोन येतोच, तेव्हा मला या बाईंची फार आठवण येते.

जाळी निवडण्यामागेही हिशेब होता. जाळीत भोकंच जास्त, त्यामुळे महाग धागा थोडक्यात पुरतो. शिवाय किव्हियुटला मेंढीच्या लोकरीसारखा ताण नसतो. दोन सुलट दोन उलटची पट्टी विणली तर ती थोड्याच दिवसांत सैल पडते, जाळी मात्र सुंदर लोंबते.

संस्थेच्या वस्तूंपैकी माझी आवडती म्हणजे नाचाक. युपिक भाषेत या शब्दाचा अर्थ डोक्यावरचं टोपडं. प्रत्यक्षात ही दोन्हीकडून उघडी नळी. गळ्यात घातली की मफलर, वर ओढली की डोकं-कान झाकले. हल्ली याच जातीच्या गोष्टीला विणणारे लोक 'काउल' म्हणतात आणि एका लडीत काय करू, या प्रश्नाचं हेच ठरलेलं उत्तर असतं.

का, ते सांगते. काउलला बाह्या नाहीत, माप नाही, शिवण नाही. गोल सुईवर टाके घालायचे, पीळ पडला नाही ना ते बघून जोडायचे, आणि गोल गोल विणत जायचं. सुई लाकडी किंवा बांबूची घ्यावी, स्टीलवरून हा धागा निसटतो. अशा विणीत तक्त्याची प्रत्येक ओळ उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे वाचायची. आणि थांबायचं कधी? इंजिनिअरच्या भाषेत लूपची अट अशी: नक्षीच्या एका आवर्तनाला किती धागा लागतो ते सुरुवातीला मोजून ठेवा. उरलेला धागा 'एक आवर्तन अधिक काउलच्या घेराच्या चौपट' यापेक्षा कमी झाला की नवीन आवर्तन सुरू न करता टाके बंद करा. ती चौपट लांबी सैल हाताने टाके बंद करायला लागते.

टीलचं मोठं स्वप्न होतं ते, आर्क्टिकभर मस्क ऑक्सचे गोठे असावेत. ते झालं नाही. क्वेबेकच्या उत्तरेला १९६७ मध्ये काढलेलं फार्म चाललं नाही. तिथली जनावरं मोकळी सोडली, तर ती रानात इतकी फोफावली की आज त्यांची संख्या हजारांत आहे. फेअरबँक्सचा कळप आधी किनाऱ्यावरच्या उनालाक्लीटला गेला, १९८६ मध्ये पामरला आला. टील १९८२ मध्येच वारला होता. पण सुया आणि चौकटीचे कागद गावांत राहिले होते. पोस्टाने सूत येत होतं, पोस्टाने नाचाक जात होते, आणि आईकडून मुलगी तक्ता वाचायला शिकत होती.