कमानीत साठलेला जोर

अंबाजोगाईच्या बाजूला ज्यांनी बैलगाडीतूनही प्रवास केला आहे आणि टांग्यातूनही, त्यांना कमानीचे माहात्म्य सांगावयास नको. बैलगाडीत खड्ड्याचा हिसका थेट हाडांत जातो. टांग्याच्या पोलादी कमानपट्ट्या तो आपल्या अंगावर घेतात, वाकतात, आणि मग सावकाश परत करतात. कमान जोर खात नाही, ठेवून घेते.

या ठेवीचा हिशेब प्रथम मांडला तो रॉबर्ट हूक याने. जितका ताण तितके बळ, हा नियम त्याने १६७६ साली अक्षरांची उलथापालथ करून कोड्यात छापला आणि १६७८ साली उकलून दाखविला. शोध आपल्या नावावर तर राहावा, पण दुसऱ्यास कळू नये, ही त्या काळच्या विद्वानांची युक्ती! नियमाचे खरे मर्म पुढे आहे. ताण वाढताना बळही वाढत जाते. म्हणून ताण दुप्पट झाला की साठलेली ऊर्जा चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. गुळगुळीत मेजावर कमानीला गोळा जोडून ओढून सोडला, तर टोकाशी सारी ऊर्जा कमानीत असते, मध्यावर सारी गोळ्याच्या वेगात. घर्षण तिचा घास घेत राहते, तोवर ही देवघेव चालते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या १९०६ सालच्या भूकंपानंतर हॅरी फील्डिंग रीड याने जमिनीच्या जुन्या-नव्या मोजण्या ताडून १९१० साली सांगितले की, खडकही कमानीप्रमाणे वाकतो, वर्षानुवर्षे जोर साठवितो, आणि भेगेवरची पकड सुटताच झटक्याने सरळ होतो.

आमचा दख्खनचा काळा पाषाण मात्र अढळ, अशी आमची समजूत होती. बालाघाटात, आमच्याच पाटोदा तालुक्यात मांजरा उगम पावते. तिला मिळणाऱ्या तेरणेच्या खोऱ्यात किल्लारी आहे. भारताची भूमी उत्तरेस सरकते, हिमालय तिला अडवितो, आणि तो दाब पार इथवरच्या खडकात मुरतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ही ठेव मोडली. भूकंप ६.२ प्रतीचा होता. सुमारे दहा हजार माणसे गेली.

एवढ्या प्रतीच्या भूकंपात इतकी माणसे का जावीत? याचे उत्तर घरांत होते. घर म्हणजेही कमानीवरचा गोळा: छप्पर हा गोळा, खांब-भिंती ही कमान. माळवदावर दरसाल मातीचा थर चढतो. उन्हाळ्यात गारवा मिळतो, पण गोळा जड होत जातो, आणि जितका तो जड तितका हिसक्याचा जोर मोठा. खाली मातीत रचलेली दगडांची दुहेरी भिंत. लाकडी खण थोडेफार झुकून जोर परत देतो. ही भिंत ताण घेऊच शकत नाही. तिचे दोन पदर सुटतात आणि दगड निजलेल्यांवर पडतात.

पुढे जुनी घरे मजबूत करताना सांगितले गेले ते उपाय साधे होते: माळवदावरची माती कमी करा, खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरके टेकू द्या, भिंतीच्या आरपार लांब दगड घाला, घरास चहूकडून सलग पट्टा बांधा. पहिल्याने गोळा हलका होतो, बाकीच्यांनी कमान बळकट. आमच्या जिल्ह्यातील जुन्या गल्ल्यांत अजून माळवदे उभी आहेत. त्यांवरची माती उतरविण्यास खोरे आणि टोपली पुरते.