कळीच्या बाहुल्या आणि ‘काराकुरी झुई’

स्वयंचलित बाहुल्या घडवण्याची कला युरोपात दीर्घकाळ घड्याळजींच्या कार्यशाळांत आणि राजेरजवाड्यांच्या आश्रयाखाली वाढली. जपानमध्ये मात्र १७९६ मध्ये ‘काराकुरी झुई’ हा सचित्र ग्रंथ छापला गेला आणि ही विद्या सामान्य वाचकाच्या हाती आली. ‘काराकुरी’ म्हणजे आत दडवलेल्या कळीने हालचाल घडवून आणणारी युक्ती, आणि ‘झुई’ म्हणजे सचित्र संग्रह. तोसा प्रांतातील होसोकावा हान्झो योरिनाओ याने लिहिलेल्या या ग्रंथाच्या तीन भागांपैकी पहिला घड्याळांना वाहिलेला असून उरलेल्या दोन भागांत नऊ प्रकारच्या यांत्रिक खेळण्यांची रचना सुट्या भागांच्या आकृत्या व मापे देऊन उलगडली आहे.

घड्याळांना दिलेला हा अग्रमान उचितच होता, कारण जपानला यांत्रिक घड्याळाचा परिचय परदेशी पाहुण्यांमुळे झाला होता आणि त्या कथेचा एक धागा गोव्याशी जुळलेला आहे. १५४९ मध्ये गोव्याहून निघालेल्या फ्रान्सिस झेवियरने १५५१ मध्ये यामागुची येथे ओउची योशिताका या सरदाराला जे नजराणे दिले, त्यांत एक घड्याळ होते. पुढे जपानी कारागिरांनी या यंत्राला आपल्या कालगणनेशी जुळवून घेतले. दिवस व रात्र यांचे प्रत्येकी सहा भाग ऋतुमानाप्रमाणे लहानमोठे होत असल्याने हे काम सोपे नव्हते. दंतचक्रे कापण्याचे आणि त्यांचा वेग आवरण्याचे तेच कौशल्य बाहुल्यांकडे वळले. ओसाकाच्या दोतोंबोरी भागात ताकेदा ओमी याने १६६२ मध्ये अशा बाहुल्यांचे नाट्यगृह उघडले.

ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध रचना चहा वाहणाऱ्या बाहुलीची आहे. यजमानाने तिच्या हातातील तबकावर पेला ठेवला की त्याच्या वजनाने हात किंचित खाली जातो, आतील अटकाव सुटतो आणि बाहुली पाहुण्याकडे चालू लागते. पेला उचलताच ती थांबते, आणि रिकामा पेला परत ठेवल्यावर वळून मागे फिरते. वळण्याची क्रिया एका उंचवटेदार चकतीमुळे घडते, कारण ठरावीक अंतर कापल्यावर तो उंचवटा दिशा बदलणाऱ्या चाकाला ढकलतो. शक्ती पुरवणारी कमान देवमाशाच्या तोंडातील लवचिक पट्ट्यांची असे, आणि ती एकदम उलगडू नये म्हणून चक्राचा एकेक दाता अडवून सोडणारी घड्याळातील रचना येथेही योजलेली होती. पावले टाकल्याचा भास चाकांच्या हालचालीशी जोडलेल्या पायांमुळे होतो. पेल्याचे वजन हीच आज्ञा असावी, ही कल्पना आजही थक्क करणारी आहे; पाहुणचाराचा सगळा शिष्टाचार तिच्यात एका तरफेवर तोलून धरला आहे.

या परंपरेतील पुढचा मोठा कारागीर तानाका हिसाशिगे (१७९९–१८८१) हा कुरुमे येथील कासवाच्या कवचाच्या वस्तू बनवणाऱ्याचा मुलगा होता. त्याचा धनुर्धारी बालक स्वतः बाण उचलून, प्रत्यंचेला लावून सोडतो. १८७५ मध्ये त्याने तोक्योत उघडलेला कारखाना पुढे तोशिबा या उद्योगसमूहाचा एक मूळ घटक ठरला.

ग्रंथाची खरी कसोटी मात्र विसाव्या शतकात लागली. चहा वाहणाऱ्या बाहुलीचे वर्णन कितपत खरे असेल याविषयी शंका घेण्यास जागा होती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अभ्यासक तात्सुकावा शोजी यांनी ग्रंथातील आकृत्यांच्या आधारे ती पुन्हा घडवली आणि ती चालली. त्यानंतर हौशी कारागीरही या वाटेला लागले, आणि आज प्लास्टिकच्या भागांचे जुळणी-संचही मिळतात. अशा संचातून भागांचा क्रम समजतो, पण लाकडाचा स्वभाव समजत नाही. एकाच फळीतून कापलेल्या चक्राचे काही दाते लाकडाच्या रेषांना आडवे पडतात आणि भाराखाली तुटतात; म्हणून जाणते कारागीर पाचरीसारखे तुकडे अशा रीतीने जोडून चक्र घडवतात, की रेषा केंद्रापासून परिघाकडे धावाव्यात आणि प्रत्येक दात्याला सारखेच बळ मिळावे.