पंचांगातला ऋतू आणि अंगणातला ऋतू

वसंत व्याख्यानमाला आणि वसंत ऋतू यांचा आमच्या भुसावळात फारसा मेळ बसत नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात या उपक्रमाचा पाया घातला. पुण्याच्या चैत्रातल्या संध्याकाळी त्याला शोभणाऱ्या होत्या. तापीकाठी मात्र चैत्र उजाडतो न उजाडतो तोच उन्हाचा तडाखा सुरू होतो आणि वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पंचांगात वसंत, पण अंगणात ग्रीष्म! तेव्हा ‘ऋतूप्रमाणे वागावे’ असे जे आपण लहानपणापासून ऐकत आलो, ते कोणत्या ऋतूप्रमाणे, असा प्रश्न येथल्या माणसाला पडला तर नवल नाही. या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात पाहण्यासारखा आहे.

ऋतुचर्येचा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहाव्या अध्यायात आणि वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त तिसऱ्या अध्यायात आला आहे. वर्षाचे दोन भाग कल्पिले आहेत. शिशिर, वसंत व ग्रीष्म हा आदानकाल. यात सूर्य प्राणिमात्राचे बळ ओढून घेतो. वर्षा, शरद व हेमंत हा विसर्गकाल. यात ते बळ परत मिळते. हिवाळ्यात साठलेला कफ वसंतात पातळ होतो व भूक मंदावते. म्हणून त्या दिवसांत व्यायाम, जुने जव-गहू, मध यांची शिफारस आहे आणि दिवसा झोपण्याची मनाई आहे. ग्रीष्मात याच्या उलट. व्यायाम कमी करावा, ऊन टाळावे, तिखट-खारट-आंबट आवरावे, दुपारी थोडी झोप चालेल. नव्या मातीच्या भांड्यात गार केलेले पन्हे प्यावे असे वाग्भट सांगतो, आणि त्या संदर्भात केळीचाही उल्लेख करतो, हे जळगाव जिल्ह्यातील श्रोत्यांना ऐकून बरे वाटेल.

या शास्त्रकारांची दृष्टी किती सावध होती याची एकच खूण सांगतो. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस यांना त्यांनी ‘ऋतुसंधी’ म्हटले. या पंधरवड्यात जुनी सवय हळूहळू सोडावी व नवी हळूहळू धरावी. एकदम बदल केल्यास शरीराला तो सोसत नाही. औषधीविषयीही हीच दृष्टी. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाशा’त हिरडा बारा महिने सांगितला आहे, पण वर्षा ऋतूत सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर व ग्रीष्मात गुळाबरोबर. औषध एकच, सोबती मात्र ऋतूगणिक निराळा. अर्थात ते घ्यायचे ते वैद्याला विचारूनच.

आता योगाकडे वळू. सतराव्या शतकाच्या अखेरीस रचली गेली असे मानल्या जाणाऱ्या ‘घेरंडसंहिते’त योगाभ्यासाचा आरंभ वसंतात किंवा शरदात करावा, अन्य ऋतूंत करू नये, असे सांगितले आहे. पण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्याच ठिकाणी पुढे येते. प्रत्येक ऋतू दोन महिन्यांचा असला तरी त्याचा अनुभव चार महिने येतो, असे हा ग्रंथकार म्हणतो. वसंताचा अनुभव माघापासून वैशाखापर्यंत. ग्रीष्माचा चैत्रापासून आषाढापर्यंत. म्हणजे चैत्र-वैशाखात दोन्ही ऋतू एकमेकांत मिसळलेले असतात! पंचांगातला ऋतू आणि अनुभवातला ऋतू हा भेद आपल्या पूर्वजांनीच केलेला आहे. वाग्भटाने तर देशाचेही जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार सांगितले. कोकणातला व खानदेशातला माणूस एकाच नियमाने बांधता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. ग्रीसमध्ये हिपॉक्रॅटिसच्या नावावर चालत आलेल्या एका ग्रंथातही, परक्या गावी गेलेल्या वैद्याने आधी तेथले ऋतू, वारे व पाणी पाहावे असा उपदेश आहे.

अनुभवाला प्रमाण मानण्याचा हा धागा अलीकडच्या काळात ज्यांनी पुढे नेला, त्यांचा आपल्या खानदेशाशी जवळचा संबंध होता. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांचा जन्म १८८३ सालचा. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी शरीरशिक्षण घेतले. १९१६ ते १९२३ या काळात ते अमळनेरास अध्यापन करीत होते. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते १९२० साली प्राचार्य झाले. इंग्रज सरकारने १९२३ साली ते महाविद्यालय बंद केले. याच वर्षांत नर्मदाकाठच्या मालसरचे परमहंस माधवदास यांच्यापाशी त्यांनी योग शिकला; पण गुरूने सांगितले एवढ्यावर ते थांबले नाहीत. उड्डियान व नौली या क्रियांनी शरीरात प्रत्यक्ष काय घडते, हे त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत तपासले. १९२४ साली लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापन झाले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले. श्रद्धा ठेवावी, पण मोजूनही पाहावे, हा त्यांचा धडा.

तोच धडा ऋतुचर्येला लावला पाहिजे. चरकाने ग्रीष्मासाठी दिवसा गार घर, रात्री चांदण्याने निवालेली गच्ची, अंगाला चंदन आणि गळ्यात मोती सांगितले. हे ज्याला साधेल त्याला साधो! १८६०च्या दशकात रेल्वे आली आणि तिच्यामुळे आमचे गाव वाढले. ऐन दुपारी यार्डात गाडी जोडणाऱ्याला, रूळ तपासणाऱ्याला, केळीच्या बागेत घड उतरवणाऱ्याला कसली गच्ची आणि कसले चंदन? ग्रंथातला उपदेश ज्याच्या वाट्याला येत नाही, त्यालाच उन्हाचा धोका सर्वांत अधिक आहे. शीतली प्राणायाम चांगला. पण ज्याचे अंग तापले, बोलणे भरकटले, त्याला ताबडतोब सावलीत घेऊन अंग ओले करावे आणि दवाखान्यात न्यावे. तेथे काढ्यावर भिस्त ठेवणे घातक आहे.

आमच्या आयाबायांनी ग्रंथ न वाचताच ऋतुचर्या सांभाळली. पाडव्याला कडुनिंबाची पाने, आखाजीला पाण्याने भरलेली घागर, हिवाळ्यात वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी. आखाजीची ती घागर पितरांच्या नावे भरली जाते. तिच्यासारखीच एक घागर ज्याने त्याने आपल्या दाराशी, कारखान्याच्या फाटकाशी, हमालांच्या नाक्याशी भरून ठेवावी. आणि दुपारचे जड काम सकाळ-संध्याकाळवर नेता येईल तेथे मालकाने ते न्यावे. ऋतूशी जुळवून घेणे हे एकट्याचे व्रत नव्हे. साऱ्या गावाने मिळून पाळावयाची ती चर्या आहे.