पेट्रोल-विजेचा संसार आणि गोंदियाचे रस्ते

मोटार घ्यायला निघालेला माणूस रंग, आकार, आसने सगळे पाहून झाल्यावर अखेरीस एकच प्रश्न विचारतो : 'ॲव्हरेज किती देते?' २०२२ साली या प्रश्नाला मिळालेल्या एका उत्तराने अनेकांच्या भुवया उंचावल्या. त्या वर्षी टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर आणि मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा या दोन सख्ख्या बहिणी बाजारात आल्या. दोघींचा जन्म एकाच ठिकाणचा, कर्नाटकातील बिडदी येथील टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यातला. सव्वाचार मीटरहून लांब, उंच बांध्याची, निव्वळ पेट्रोल पिणारी ही गाडी लिटरमागे २७.९७ किलोमीटर धावते, असा आकडा चाचणीअंती जाहीर झाला. एवढे ॲव्हरेज तर छोट्या हॅचबॅक गाड्याही क्वचितच देतात.

हा आकडा खोटा नाही, मात्र तो सगळीकडे सारखा खराही नाही. हायब्रिड गाडीची बचत जेवढी तिच्या यंत्रात असते तेवढीच ती धावते त्या रस्त्यातही असते. गोंदियासारख्या जिल्ह्यात ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी लागते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा धानाचा जिल्हा. येथील गाडीवाल्याचे दळणवळण दोन प्रकारचे असते. एक शहरातले : जयस्तंभ चौक, गोरेलाल चौक, बाजारपेठेतील हातगाड्या, सायकली आणि रिक्षा यांतून वाट काढत फुलचूर नाक्यापर्यंत जाणे. दुसरे लांब पल्ल्याचे : गोरेगावमार्गे कोहमारा गाठून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ ला लागायचे आणि साकोली, भंडारा करीत नागपूर. दवाखाना, कोर्ट, विमान, मुलांचे कॉलेज, कशासाठी ना कशासाठी नागपूर अटळ असते. या दोन रस्त्यांवर एकच गाडी दोन वेगळ्या गाड्यांसारखी वागते.

असे का, हे समजण्यासाठी बॉनेटखाली डोकवावे लागेल. या गाडीत दीड लिटरचे तीन सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन आहे. ते ॲटकिन्सन चक्रावर चालते. नेहमीच्या इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण जेवढे दाबले जाते तेवढेच ते जळल्यावर प्रसरण पावते. ॲटकिन्सन पद्धतीत आत घेण्याची झडप जाणूनबुजून उशिरा बंद केली जाते. त्यामुळे दाब देण्याचा टप्पा आखूड आणि प्रसरणाचा टप्पा लांब होतो, जळलेल्या वायूतील जोर शेवटपर्यंत पिळून घेतला जातो. नेहमीचे पेट्रोल इंजिन इंधनातील उष्णतेपैकी जेमतेम तिसरा हिस्सा कामी आणते. या धाटणीची इंजिने अनुकूल स्थितीत ४० टक्क्यांच्या जवळ पोचतात. मात्र त्याची किंमत द्यावी लागते ती ताकदीत. या इंजिनाची शक्ती ९२ अश्वशक्तीच्या आसपास आहे आणि कमी फेऱ्यांवर ते अगदीच आळशी वाटले असते. ती उणीव सुमारे ८० अश्वशक्तीची विजेची मोटर भरून काढते, कारण विजेच्या मोटरचा जोर पहिल्या फेरीपासून हजर असतो.

९२ आणि ८० मिळून १७२ व्हायला हवेत, पण कंपन्या एकत्रित शक्ती सुमारे ११५ सांगतात. यात लबाडी नाही. मोटर कितीही दमदार असली तरी तिला वीज पुरवणारी बॅटरी छोटी आहे, अवघी ०.७६ किलोवॉट-तासांची. तिच्यातून एका क्षणी जेवढी वीज उचलता येते, तेवढीच भर इंजिनाच्या शक्तीत पडते. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग गाठायला या गाडीला बारा सेकंदांच्या आसपास लागतात. कुटुंबाच्या गाडीला ते पुरेसे आहे. शर्यतीच्या अपेक्षेने कोणी ती घेऊ नये.

या रचनेतील सर्वांत देखणा भाग म्हणजे इंजिन, मोटर आणि जनरेटर यांना जोडणारी दातेरी चक्रांची गुंफण. मध्यभागी एक चक्र, त्याभोवती फिरणारी तीन-चार छोटी चक्रे आणि सर्वांना वेढणारे बाहेरचे कडे. सूर्य आणि ग्रहांसारखी मांडणी, म्हणून नावही प्लॅनेटरी गिअर. छोट्या चक्रांच्या चौकटीला इंजिन जोडलेले, मधल्या सूर्याला जनरेटर, बाहेरच्या कड्याला मोटर व चाके. जनरेटरची गती कमीजास्त केली की इंजिनाच्या फेऱ्या आणि चाकांचा वेग यांतील प्रमाण आपोआप बदलते. क्लच नाही, पट्टा नाही, गिअर टाकणेही नाही. हिला 'इ-सीव्हीटी' म्हणतात म्हणून अनेक जण तिला पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीची बहीण समजतात. प्रत्यक्षात दोघींचा संबंध नावापुरताच. झिजणारे भाग कमी असल्याने ही रचना टिकाऊ ठरली आहे. टोयोटाने तिचा मूळ अवतार १९९७ साली जपानमध्ये प्रियस गाडीतून रस्त्यावर आणला होता. आपल्याकडे होंडाची सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये, प्रियस २०१० मध्ये आली आणि २०१३ पासून कॅमरी हायब्रिड बिडदीत जुळवली जाऊ लागली. पण त्या सगळ्या श्रीमंतांच्या गाड्या होत्या.

आता बाजारपेठेतला हिशेब पाहू. माणसांसह दीड हजार किलो वजनाची गाडी ताशी ४० किलोमीटरवर असताना समोर हातगाडी आडवी आली. साध्या गाडीत ब्रेक दाबताच ती सारी गती चकत्यांवर घासून उष्णता होऊन हवेत जाते. ती गती पुन्हा मिळवायला इंजिनाला सुमारे १० मिलिलिटर पेट्रोल जाळावे लागते. बाजारातून बाहेर पडेपर्यंत असे दहा प्रसंग आले तर शंभर मिलिलिटर, म्हणजे मोठा कपभर पेट्रोल केवळ थांबण्यात गेले. हायब्रिड गाडीत ब्रेक दाबला की मोटर उलट्या भूमिकेत जाऊन जनरेटर होते आणि त्या गतीचा बराचसा भाग विजेच्या रूपाने बॅटरीत परत जमा करते. शिवाय उभ्या गाडीत इंजिन बंद असते आणि सरकत्या रांगेत गाडी विजेवरच पुढे जाते. सारे झाले तरी बॅटरी इवलीशी असल्याने ही चैन काही मिनिटांचीच असते. ती उतरली की इंजिन न विचारता सुरू होते. मात्र रोखीच्या दुकानासारखा हा व्यवहार आहे, सतत जमा आणि सतत खर्च, त्यामुळे गल्ला लहान असला तरी चालतो. गाडीला प्लग लावून चार्ज करावे लागत नाही ते याचमुळे.

कोहमाऱ्यानंतर चित्र पालटते. महामार्गावर ब्रेक क्वचितच लागतो, मग जमा करायचे काय? येथे शत्रू हवा आहे. वेग ८० वरून ११० वर नेला की हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो, आणि उंच, रुंद एसयूव्हीला तो छोट्या गाडीपेक्षा जास्तच जाणवतो. काटकसरी इंजिनाचा फायदा येथेही मिळतो, पण विजेच्या खेळातून होणारी मोठी बचत मात्र आटते. अपवाद उतारांचा. देवरीजवळचा मासुलकसा घाट फार मोठा नाही, पण भरलेली गाडी शंभर मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ०.४ किलोवॉट-तास ऊर्जा मोकळी होते, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेच्या निम्म्याहून अधिक. छत्तीसगडकडे जाणाऱ्यांच्या वाट्याला हा छोटा नफा येतो. नागपूरकडे जाणाऱ्यांना सपाट रस्त्यावर तोही नाही.

म्हणूनच २७.९७ हा आकडा नीट वाचला पाहिजे. भारतातील ठरावीक चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, सुमारे वीस मिनिटे चालते, तिचा दोन-तृतीयांश वेळ शहरी चालीचा, थांबत-निघत असतो, वेग ताशी ९० च्या वर जात नाही आणि एअर कंडिशनर बंद असतो. ही परीक्षा हायब्रिडच्या आवडीच्या विषयात घेतलेली आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकलेल्या गोंदियात एसी बंद ठेवून कोण गाडी चालवील? या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही गारवा राहतो, ही मोठी सोय. पण असा कॉम्प्रेसर कडक उन्हात दीड-दोन किलोवॉट खातो. छोटी बॅटरी थोड्याच मिनिटांत दमते आणि उभ्या गाडीत इंजिन पुन्हा सुरू होते.

आणखी एक घोळ नावाचा. याच ग्रँड व्हिटाराच्या स्वस्त रूपांवरही 'स्मार्ट हायब्रिड' असे लिहिलेले असते. ती सौम्य हायब्रिड. तिच्यात १२ व्होल्टचा छोटा स्टार्टर-जनरेटर चार सिलिंडरांच्या दीड लिटर इंजिनाला जरासा हात देतो, गाडीला एकट्याच्या बळावर कधीही हलवत नाही. तिचे जाहीर ॲव्हरेज मॅन्युअल गिअरमध्ये २१.११ होते. दोघींना एकाच नावाने हाक मारणे हे विक्रेत्यांच्या सोयीचे आहे, ग्राहकाच्या नव्हे. चारही चाकांना जोर देणारी रचनाही सौम्य रूपातच मिळते. पूर्ण हायब्रिडमध्ये फक्त पुढची चाके फिरतात. पावसाळ्यात सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या चिखलवाटांवर ज्याचे रोजचे काम आहे, त्याने हे जरूर पाहावे. नुसती उंच बांधणी म्हणजे जीप नव्हे. सामानाची जागाही बॅटरीने खाल्ली आहे : सौम्य रूपात ३७३ लिटर, पूर्ण हायब्रिडमध्ये २६५. लग्नाचे आहेर घेऊन निघालेल्या कुटुंबाला हा फरक कळतो.

आता पैशांचा हिशेब. पूर्ण हायब्रिडसाठी दोन लाख रुपये जास्त मोजले असे धरू. प्रत्यक्ष रस्त्यावर ती लिटरमागे २२ आणि साधी पेट्रोल ऑटोमॅटिक १४ किलोमीटर देते असेही मानू, पेट्रोल १०५ रुपये. वर्षाला १५ हजार किलोमीटर धावणाऱ्याची सुमारे ३९० लिटरची, म्हणजे ४१ हजार रुपयांची बचत होते आणि पाच वर्षांत जादा रक्कम वसूल होते. पण गाडी वर्षाला आठच हजार किलोमीटर फिरत असेल तर बचत २२ हजारांच्या आत राहते आणि वसुलीला नऊ वर्षे लागतात. हायब्रिड बॅटरीची हमी आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची आहे. म्हणजे कमी फिरणाऱ्याचा फायदा सुरू होण्याआधीच हमी संपलेली असेल. त्यातही त्याचे फिरणे बहुतांश महामार्गावरचे असेल तर दोन गाड्यांतील अंतर आणखी कमी धरावे लागेल. गिरणीवर, वखारीवर, बाजारात दिवसभर येरझाऱ्या घालणाऱ्या व्यापाऱ्याला ही गाडी परवडते. महिन्यातून दोनदा नागपूर गाठणाऱ्या निवृत्त शिक्षकाने साध्या गाडीचाही विचार करावा.

सरकारचे धोरण या बाबतीत कधी स्थिर राहिले नाही. २०१५ च्या 'फेम' योजनेत सौम्य हायब्रिडलाही अनुदान होते, ते १ एप्रिल २०१७ पासून बंद झाले. त्याच वर्षी १ जुलैला जीएसटी आला आणि मोठ्या हायब्रिड गाड्यांवर उपकरासह ४३ टक्के कर बसला. या आकाराच्या साध्या पेट्रोल गाडीवर ४५ टक्के होता, म्हणजे इंधन वाचवणाऱ्याला सवलत अवघी दोन टक्क्यांची. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर सरसकट ४० टक्के झाला. कर उतरला खरा, पण ती दोन टक्क्यांची तफावतही गेली. विजेच्या गाडीवर मात्र पाच टक्केच. तरीही कंपन्या हायब्रिडच्या मागे लागल्या, कारण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आले, मारुतीने डिझेल इंजिन सोडले, आणि २०२२-२३ पासून कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाची मर्यादा किलोमीटरला सुमारे ११३ ग्रॅमपर्यंत खाली आली. चाचणीत ८०-८५ ग्रॅम सोडणारी एसयूव्ही ही मोठ्या गाड्या विकू पाहणाऱ्या कंपनीला वरदानच आहे.

घेणाऱ्यांसाठी काही बारीक गोष्टी. मोठ्या बॅटरीखेरीज या गाडीत साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती उतरली तर गाडी सुरूच होत नाही, मोठी बॅटरी भरलेली असली तरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर अधूनमधून सुरू करण्याची व्यवस्था लावून जावे. अनेक हायब्रिड गाड्यांत मोठी बॅटरी थंड ठेवायला पंख्याने प्रवासीकक्षातील हवा ओढली जाते. राइस मिलच्या परिसरात भुशाची धूळ सर्वत्र असते. तेव्हा या हवेची जाळी कुठे आहे ते विक्रेत्याला विचारून घ्यावे आणि प्रत्येक सर्व्हिसिंगला ती साफ करून घ्यावी. नारिंगी आवरणाच्या तारांत १७७ व्होल्टचा प्रवाह असतो, त्यांना गल्लीतल्या कारागिराने हात लावू नये. गाडी बुक करण्यापूर्वी त्या कामाचे प्रशिक्षण घेतलेला माणूस गोंदियातच आहे की प्रत्येक वेळी नागपूर गाठावे लागेल, एवढे लेखी विचारून घ्यावे.