फ्लॉवरच्या पिझ्झ्याची कुळकथा

"पिझ्झा, आणि तोही फ्लॉवरचा?"

माझ्या भाचीला सीलिअ‍ॅक असल्याचं निदान झालं आणि घरात हा प्रकार सुरू झाला. तेव्हापासून हा प्रश्न मी नात्यागोत्यातून शंभर वेळा तरी ऐकलाय. विचारणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, "ही सगळी हल्लीची फॅडं. आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही!" दुसरा म्हणतो, "धान्यच नाही? म्हणजे एकदम हेल्दी! मलाही कृती दे." दोन्ही पक्षांत आपलीच माणसं, तेव्हा भांडण कोणाशीच नाही :-)

पण गंमत अशी, की दोन्ही पक्ष 'बिनगव्हाचं' आणि 'बिनधान्याचं' हे दोन शब्द एकच समजतात. ते एक नाहीत. एक शब्द एका बरोबर निघालेल्या शोधातून आलाय, तर दुसरा एका चुकीच्या समजुतीतून. आणि हा फरक कळला नाही तर माझ्या भाचीसारख्या मुलांना त्याचा खराखुरा त्रास होतो. म्हणून ही कुळकथा.

आधी कृती देऊन टाकते, म्हणजे दुसऱ्या पक्षाचं समाधान होईल. फ्लॉवरचा एक मध्यम गड्डा किसून वाफवून घ्यायचा, गार झाला की स्वच्छ पंच्यात बांधून अगदी जीव खाऊन पिळायचा. फ्लॉवरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, तेव्हा या पिळण्यातच सगळी मेख आहे. मग त्यात एक अंडं, मूठ-दोन मुठी किसलेलं चीज, मीठ आणि मिरपूड घालायची. बेकिंगच्या कागदावर पातळ थापून २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, कडा लालसर होईपर्यंत भाजायचं. वर सॉस, चीज, भाज्या घालून पुन्हा आठ-दहा मिनिटं. झालं.

हे धरून कसं राहतं? गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं एकमेकांत गुंतून रबरासारखं जाळं तयार होतं. तेच ग्लुटेन. यीस्टनं सोडलेला वायू त्या जाळ्यात अडकतो आणि पाव फुगतो, पिझ्झा लुसलुशीत होतो. आपली पोळी न फाटता लाटली जाते तीही त्याच्याच जोरावर. फ्लॉवरमध्ये असं जाळं नाही. तिथे बांधून ठेवायचं काम गरम झाल्यावर घट्ट होणारं अंडं आणि वितळून मग आळणारं चीज करतं. त्यामुळे तो फुगत नाही, थालीपिठासारखा बसका राहतो. 'पिझ्झा' हे त्याचं लाडाचं नाव समजा.

आता इतिहास.

इटलीची राणी मार्गेरिता १८८९ साली नेपल्सला आली, राफाएले एस्पोझितोनं तिच्यासाठी टोमॅटो, चीज आणि बेसिलचा पिझ्झा केला आणि त्याला तिचं नाव मिळालं, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. (इतिहासकार तिच्याकडे जरा संशयानंच बघतात, पण असो.) त्याच्या एकच वर्ष आधी, १८८८ मध्ये, लंडनमध्ये सॅम्युएल गी नावाच्या डॉक्टरांचा एक छोटा लेख छापून आला. जुलाबानं खंगत जाणाऱ्या, पोट फुगलेल्या, हातापायांच्या काड्या झालेल्या मुलांचा आजार त्यांनी त्यात वर्णन केला होता. आजार नवा नव्हता. दुसऱ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या अरेटिअस या ग्रीक वैद्यानं असेच रोगी पाहून त्यांना पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिलं होतं. 'सीलिअ‍ॅक' हा शब्द तिथूनच आला. तेव्हा "आमच्या वेळी नव्हतं" हे काही खरं नाही. होतं, पण त्या मुलांना 'अंगी लागत नाही' म्हणायचे आणि त्यातली बरीच जगत नसत.

गी यांनी एक गोष्ट अचूक ओळखली, की हा रोग बरा होणार असेल तर तो आहारानंच. पण कोणत्या आहारानं, हे कोडं राहिलं. त्यांच्या एका छोट्या रुग्णाला रोज डच शिंपले खायला दिले, तर ते मूल छान सुधारलं. हंगाम संपला, शिंपले मिळेनासे झाले, तब्येत पुन्हा ढासळली. पुढच्या हंगामात मुलानं शिंपल्यांना तोंडच लावलं नाही! पिष्टमय पदार्थ कमी द्यावेत असं गी यांचं मत होतं. तांदूळ, साबुदाणा त्यांनी वर्ज्य ठरवले, आणि पाव मात्र पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजून द्यायला हरकत नाही म्हणाले. म्हणजे नेमकं निरुपद्रवी ते बंद, आणि नेमकं विष ते चालू. इतक्या जवळ येऊन...

मग आलं १९२४ साल. न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांचा उपचार जाहीर केला. पाव, बिस्किटं, बटाटा, सगळी धान्यं बंद. केळी मात्र हवी तितकी. त्यांच्या पहिल्या लेखात दहा मुलं होती. केळी खाणारी आठ सुधारली, न खाणारी दोन दगावली. उपचार गाजला, आणि पुढे तीसेक वर्षं अमेरिकेत तो चालला. त्यानं अनेक मुलं वाचली हे निर्विवाद. पण ती केळ्यांमुळे वाचली नव्हती. ती वाचली होती ताटातून गहू गेल्यामुळे. हास यांना वाटलं की खरा गुन्हेगार पिष्ट, म्हणजे स्टार्च, आणि केळं हे औषध. म्हणून मूल 'बरं' झालं की ते पुन्हा नेहमीच्या जेवणाला परवानगी देत. पाव परत यायचा, आणि त्याबरोबर आतड्यांची नासाडीही.

खरा गुन्हेगार सापडला तो हॉलंडमध्ये. हेग शहरातल्या युलियाना बालरुग्णालयात विलेम डिके नावाचे डॉक्टर होते. पाव बंद केला की आपल्या मुलाला बरं वाटतं, असं एका आईनं त्यांना सांगितलं होतं म्हणतात. डिकेंनी ते हसण्यावारी नेलं नाही, हे मला या साऱ्या कथेतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. १९३०च्या दशकातच त्यांनी बिनगव्हाचा आहार देऊन पाहायला सुरुवात केली आणि १९४१ मध्ये त्यावर डच भाषेत लिहिलंही.

त्यानंतर आला १९४४-४५चा 'भुकेचा हिवाळा'. रेल्वे कामगारांच्या संपाचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा तोडला. नदी-कालवे गोठले. १९४५च्या फेब्रुवारीपर्यंत शहरातल्या माणसाच्या वाट्याला दिवसाला पाचसहाशे कॅलरींचं अन्न येऊ लागलं. सुमारे वीस हजार माणसं मेली. लोकांनी साखरेच्या बिटाचा कीस खाल्ला, ट्यूलिपचे कंद खाल्ले. कंदाचा मधला कोंब विषारी म्हणून काढायचा, उरलेला किसायचा किंवा वाळवून दळायचा, थापायचा आणि भाजायचा. ऑड्री हेपबर्न तेव्हा पंधरा वर्षांची होती. तो हिवाळा तिनंही तिथेच काढला.

कीस, थाप, भाज. फ्लॉवरच्या पिझ्झ्याची कृती वाचताना मला दर वेळी हे आठवतं. धान्य नसलं की माणूस जे हाताशी असेल त्याची भाकरी करू बघतो. आज आपण हौसेनं करतो, ते तेव्हा जगण्यासाठी केलं गेलं.

आणि त्या भयंकर हिवाळ्यात, सगळा देश खंगत असताना, सीलिअ‍ॅक असलेली मुलं सुधारत होती. पाव नव्हता ना! पुढे बाहेरून मदत आली, गव्हाचा पाव पुन्हा मिळू लागला, आणि ही मुलं पुन्हा आजारी पडली. डिकेंचा संशय पक्का झाला. 'युद्धामुळे शोध लागला' असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं ते अर्धंच खरं आहे. डोळे आधीपासून उघडे होते म्हणून त्यांना ते दिसलं.

१९५० मध्ये उत्रेख्तच्या विद्यापीठात डिकेंनी प्रबंध सादर केला. पुढचा प्रश्न होता, गव्हातलं नेमकं काय बाधतं? त्यांच्या डच सहकाऱ्यांनी आणि इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी पीठ धुऊन त्याचे भाग वेगळे केले. आपल्याकडे कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात, तसलीच ही करामत. पाण्याबरोबर उतरलेला स्टार्च मुलांना दिला, काही झालं नाही. मागे राहिलेला चिवट गोळा, म्हणजे ग्लुटेन, दिला आणि आजार उलटला. १९५२-५३ पर्यंत निकाल लागला होता. गुन्हेगार स्टार्च नव्हता, ग्लुटेन होतं. (म्हणून कुरडई चालेल असं मात्र कोणी समजू नका. घरच्या चिकात ग्लुटेन उरतंच.)

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. हासची समजूत खोटी ठरली, डिके बरोबर ठरले. पण चुकीच्या कल्पनाही चिवट असतात. १९५०च्या दशकात एलेन गॉटशाल नावाची एक आई आपल्या लहान मुलीला घेऊन म्हाताऱ्या झालेल्या हासकडे गेली. मुलीला मोठ्या आतड्याचा वेगळाच आजार होता. हासच्या आहारानं तिला बरं वाटलं. या आईनं पुढे जीवशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि १९८७ मध्ये पुस्तक लिहून तो आहार जगापुढे मांडला: सगळी धान्यं बंद, बटाटा बंद, पिठाच्या जागी बदामाची पूड. 'बिनधान्याचं' या शब्दाचं एक मूळ हे, थेट केळ्यांच्या उपचारातून निघालेलं. दुसरं मूळ वजनवाल्यांचं. लंडनच्या विल्यम बँटिंगनं १८६३ मध्ये पाव, बटाटे, साखर, बिअर सोडून वजन उतरवल्याची पुस्तिका काढली होती, आणि १९७२ मध्ये डॉ. अ‍ॅटकिन्सनी तीच वाट पुन्हा गाजवली. या मंडळींना पावाच्या आणि बटाट्याच्या जागी काहीतरी हवं होतं. चवीला सौम्य, पांढरा, किसला की भातासारखा दिसणारा फ्लॉवर सापडला. २०१७ मध्ये अमेरिकेत फ्लॉवरच्या तयार पिझ्झ्याची कंपनी निघाली, ती काढणाऱ्या गेल बेकर यांच्या दोन्ही मुलांना सीलिअ‍ॅक आहे. अशा रीतीनं डिकेंची वाट आणि हास-बँटिंग यांची वाट एकाच तव्यावर येऊन मिळाली. गोंधळ होणारच!

आता आपल्याकडे वळू. फ्लॉवर आपल्याकडे आला इंग्रजांबरोबर, १८२२च्या सुमारास सहारनपूरच्या कंपनी बागेत. पण धान्य न खाण्याची प्रथा आपल्याला चांगलीच जुनी. उपासाला आपण राजगिरा, शिंगाडा, रताळं, सुरण, बटाट्याचा कीस खातोच की. वर भगरही चालवून घेतो, जी खरं तर धान्यच :-) एकादशी नि दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही. म्हणजे हौसेनं आणि व्रतानं धान्य सोडणं आपल्याला नवीन नाही. त्यात एक सोय असते, की चुकून मोडलं तर देव रागावत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा धरता येतं.

सीलिअ‍ॅकमध्ये ही सोय नाही. मला जे सांगायचंय ते एवढंच. माझ्या भाचीचा हा उपास नाही आणि डाएटही नाही. ग्लुटेन पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आतली अन्न शोषणारी लव झिजते. "एवढ्याशानं काय होतंय" म्हणून प्रेमानं भरवलेला शिऱ्याचा घास बाहेरून काही न दिसताही आत नुकसान करून जातो. आणि हा आजार आयुष्यभराचा. उत्तर भारतात केलेल्या पाहण्यांत शंभरात साधारण एकाला तो आढळलाय, दक्षिणेत त्याहून बराच कमी. म्हणजे तो काही दूरदेशीचा पाहुणा नाही.

उलट, धान्याला घाबरायचंही कारण नाही. तिला ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका सगळं चालतं. गहू, जव, राय नको. आपल्या भाकरीत मुळातच ग्लुटेन नाही, त्यामुळे आपल्या घरात असं मूल वाढवणं हॉलंडपेक्षा सोपं असायला हवं. फ्लॉवरचा पिझ्झा आम्ही करतो तो तिला मैत्रिणींसारखं काहीतरी खावंसं वाटतं म्हणून. औषध भाकरीतही आहे.

अडतं ते इथे: गिरणीत गव्हाच्या मागोमाग ज्वारी दळली की त्या पिठात गहू येतो. डबीतल्या बऱ्याचशा हिंगात मैदा मिसळलेला असतो. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतोच. पोळपाट-लाटणं, कढई, डाव, सगळीकडून तो डोकावतो.

तेव्हा या दिवाळीला येणाऱ्या सगळ्या मावश्या, आत्या, काकूंना आग्रहाची विनंती. वेगळं काही करू नका. फक्त चकलीची भाजणी गव्हाशिवायची आणि घरी दळलेली ठेवा, हिंग वगळा, आणि कढईत नव्या तेलात आधी चकल्या तळा. शंकरपाळी मागून.