नावेची छावणी

श्रोतेहो, छावणी म्हटली म्हणजे फौजेचे तंबू आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. पण मराठ्यांच्या राज्यात जहाजांचीही छावणी होत असे. मृग जवळ आला की आरमार आडोशाच्या बंदरात आणून पावसाळाभर तिथे ठेवायचे, याला आरमाराची छावणी म्हणत. आज बोलायचे आहे ते या रिवाजाविषयी. आणि समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आपल्या गोंदिया जिल्ह्याचा त्याच्याशी काय संबंध, हेही पाहायचे आहे.

१६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आली आणि शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी आरंभली. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिले, त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात छावणीचाही विचार केला आहे. पाऊस सुरू होण्याआधीच जहाजे आत आणावीत, उघड्या समुद्रावर ठेवू नयेत, असा त्याचा आशय. दरसाल एकाच बंदरात छावणी करू नये, असेही सांगितले आहे. का? तर तिथल्या रयतेला खलाशांचा उपद्रव होऊ नये म्हणून. जहाजांसाठी लाकूड तोडतानाही रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, ही झाडे तिने लेकरांसारखी वाढवलेली असतात, अशी ताकीद याच प्रकरणात आहे. म्हणजे बघा, रिकाम्या हंगामात नाव कशी ठेवायची, हा त्या काळी राज्यकारभाराचा विषय होता. तो एकट्या तांडेलावर सोडलेला नव्हता.

कोकणातल्या कोळी बांधवांनी ही रीत आजवर सांभाळली आहे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारायच्या, तळ खरवडून डागडुजी करायची आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा. १९८१ साली महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. पावसाळी मासेमारीबंदी हा आता सरकारी नियम आहे. पण कायद्याच्या कितीतरी आधी समाजाने ती सुटी आपण होऊन पाळली होती.

आता इंजिनाकडे वळू. नावेच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे इंजिन, ज्याला आउटबोर्ड म्हणतात, ते लोकप्रिय केले ओले एव्हिनरूड या कारागिराने. हा मूळचा नॉर्वेचा, लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत गेलेला. असे प्रयत्न त्याच्या आधीही झाले होते. पण मिलवॉकी शहरात १९०९ साली त्याने विकायला काढलेले दीड अश्वशक्तीचे इंजिन लोकांच्या हाती पोचले. त्या मुलखात हिवाळ्यात तळी गोठतात. पाण्याचा बर्फ झाला की त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, आणि इंजिनात पाणी राहिले असेल तर ओतीव धातूलासुद्धा तडा जातो. म्हणून तिकडे हिवाळ्यापूर्वी इंजिन आवरून ठेवण्याला फार महत्त्व आले.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत कितीही हुडहुडी भरली तरी इंजिनातले पाणी गोठत नाही. मग आपल्याला त्याचे काय? इथेच खरी मेख आहे. आपला जिल्हा तलावांचा. नवेगावबांध, बोदलकसा, इटियाडोह ही नावे मुलांनाही पाठ आहेत. कोहळ्यांनी तलाव बांधले, ढिवरांनी त्यांत डोंगे घातले. डोंग्याला इंजिन नसते. उन्हात लाकूड तडकू नये एवढी काळजी घेतली की झाले. पण ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला, भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत गावे पाण्याने वेढली. अशा वेळी माणसे बाहेर काढायला लागते ती इंजिनाची बचाव-नाव.

कोकणात नाव पावसाळ्यात झोपते. आपली बचाव-नाव पावसाळ्यात जागी होते. दिवाळीच्या सुमारास ती कोठारात जाते ती सात-आठ महिने तिथेच राहते. म्हणजे आपली छावणी हिवाळ्यातच पडते. पण आपला शत्रू बर्फ नव्हे. गाळ, गंज आणि शिळे पेट्रोल हे आपले शत्रू.

पुराचे पाणी गढूळ असते. तो गाळ इंजिन थंड ठेवणाऱ्या वाटांत बसतो, म्हणून ठेवण्यापूर्वी स्वच्छ पाण्यावर इंजिन चालवून ते धुवावे. कोरडे मात्र कधीही चालवू नये. आतल्या पंपाचा रबरी पंखा जळतो. पेट्रोल महिनोन् महिने राहिले की चिकट होऊन कार्बुरेटरची बारीक भोके बुजवते, म्हणून टाकी रिकामी करावी आणि कार्बुरेटरमधलेही काढून टाकावे. स्पार्क प्लग काढून आत थोडे तेल सोडावे व इंजिन हाताने फिरवावे. त्याने सिलिंडरला गंज चढत नाही. खालच्या गिअरपेटीतले तेल काढून पाहावे. ते दुधासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे, आणि सील तेव्हाच बदलावे. मृगाची वाट पाहू नये. शेवटी पाणी निथळून जावे म्हणून इंजिन उभे ठेवावे, आणि उंदीर तारा कुरतडणार नाहीत अशी जागा पाहावी. मे महिन्यात ताजे पेट्रोल घालून, पाण्याच्या पिंपात बुडवून एकदा सुरू करून बघितले, की झाले.

कामे तशी अर्ध्या दिवसाची आहेत. पण ती कुणी करायची, हे ठरलेले नसेल तर ती होत नाहीत. पुराच्या रात्री दोरी ओढून ओढून इंजिन सुरू होत नाही, तेव्हा दोष इंजिनाचा नसतो. मागल्या कार्तिकातला असतो, आणि त्याची किंमत पलीकडे छपरावर बसलेल्या माणसाला द्यावी लागते.

शिक्षकबंधूंनो, आरमाराचा धडा शिकवताना मुलांना लढाया सांगाच, पण ही छावणीही सांगा. आणि आपल्या तालुक्यात बचाव-नाव असेल तर दिवाळीनंतर एकदा मुलांना ती दाखवायला न्या. इंजिन धुतले कुणी, तेल बदलले कधी, हे लिहिलेली वही तिच्याजवळ आहे का, तेवढे विचारा. अमात्यांनी जे राज्याचे काम मानले, ते विचारायला आपण संकोच कशाला करायचा?