काटा कुणाच्या हातात?

"मामा, मला एक कॉम्प्युटर घ्यायचाय. कोणता घेऊ?"

"रॅम किती पाहिजे?"

"तसला नाही मामा. पाण्यात न्यायचा."

दिवाळीत मालवणहून भाच्याचा फोन आला, त्याची ही सुरुवात. पोरगा आपल्या लातूरचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहायचा. आता तोच पैसे मोजून समुद्रात बुडायलाय, म्हणून त्याची आजी अजून हसते. त्यानं स्कुबाचा रीतसर कोर्स केला होता आणि त्याला डाइव्ह कॉम्प्युटर घ्यायचा होता. मनगटावर बांधायचं हे यंत्र. किती खोल आहात, किती वेळ झाला, अजून किती मिनिटं थांबून सरळ वर येता येईल, हे ते सतत मोजत राहतं.

मी म्हणलं, "तुमच्या शिकवणाऱ्याकडं असेल की. तुला कशाला वेगळा?"

"तेच तर सांगायलोय. काल सर बारा मीटरवर होते, मी एका माशामागं सतरा मीटरवर गेलो. कॉम्प्युटर सरांच्या हातात. मग त्यानं कुणाचं मोजलं?"

या प्रश्नानं मी गप झालो. मोंढ्यात सोयाबीन नेणाऱ्या माणसाला हा प्रश्न शिकवावा लागत नाही. भाव नंतर विचारायचा, आधी काटा बघायचा. काटा कुणाचा, आकडा कोण वाचतं, पट्टी कोण लिहितं. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, की पाण्याखाली उतरणाऱ्या माणसाचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हा याच काट्याचा इतिहास आहे.

आधी काटा काय मोजतो ते बघू. गोटी सोडा आठवा. बाटली बंद असते तोवर गॅस पाण्यात गपगुमान विरघळलेला असतो. गोटी दाबली, दाब सुटला, की फसफस. आपल्या शरीराचंही तसंच. दर दहा मीटर पाण्याला हवेच्या एका थराइतका दाब वाढतो. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरतो. हळूहळू वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईनं आलं तर अंगातच बुडबुडे होतात. सांधे दुखतात, पाय लुळे पडतात, कधी जीवही जातो.

हे पहिल्यांदा भोगलं ते मजुरांनी. १८४० च्या सुमारास फ्रान्समध्ये त्रिजे नावाच्या इंजिनिअरनं नदीकाठच्या कोळसाखाणीत पाणी शिरू नये म्हणून दाबाची हवा भरून माणसं उतरवली. वर आल्यावर काहींचे सांधे धरले. पुढे मोठ्या पुलांचे पाय नदीच्या तळात घालायला हीच युक्ती वापरली. तळ नसलेली भलीमोठी पेटी नदीत बसवायची, आत दाबाची हवा भरायची आणि मजुरांनी आतून माती उपसायची. अमेरिकेत सेंट लुईसच्या पुलावर डझनभर मजूर या दुखण्यानं गेले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये यातच अधू झाला आणि पुढची दहा-अकरा वर्षं काम त्याची बायको एमिलीमार्फत चाललं. आपल्याकडं हावडा पुलाच्या पायासाठीही दाबाच्या हवेत मजूर उतरले. दुखण्यानं वाकून चालणाऱ्या मजुरांची साथीदार थट्टा करायचे, त्यातून या रोगाला 'बेंड्स' नाव पडलं.

आत किती वेळ राहायचं, वर किती वेगानं यायचं, हे मजूर ठरवत नव्हता. मुकादम ठरवायचा. पाळीची शिट्टी त्याची, घड्याळ त्याचं. शरीर तेवढं मजुराचं.

१८७८ मध्ये पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की हे नायट्रोजनच्या बुडबुड्यांचं काम आहे. पण मग किती थांबायचं? त्याचं गणित बांधलं जॉन स्कॉट हॉल्डेननं, ब्रिटिश नौदलासाठी. त्यानं प्रयोग केले शेळ्यांवर. लोखंडी खोलीत शेळ्या ठेवायच्या, दाब वाढवायचा, मग कमी करायचा आणि बघत बसायचं. शेळी एक पाय उचलून उभी राहिली की समजायचं, सांध्यात बुडबुडा. आपली उस्मानाबादी तिथं नव्हती, एवढंच. हॉल्डेननं शरीराचे पाच काल्पनिक भाग मानले. कुठं नायट्रोजन लवकर मुरतो, कुठं उशिरा. त्यावरून १९०८ मध्ये त्यानं तक्ते छापले: इतकी खोली, इतकी मिनिटं, वर येताना इथं इथं थांबा. माणूस टप्प्याटप्प्यानं वर यायला लागला आणि बेंड्स एकदम कमी झाले.

त्याच प्रयोगांच्या काळात हॉल्डेननं स्वतःच्या तेरा वर्षांच्या मुलालाही डायव्हरचा सूट चढवून स्कॉटलंडच्या समुद्रात उतरवलं होतं. सूट गळका निघाला. तो मुलगा म्हणजे जे. बी. एस. हॉल्डेन. मोठेपणी हा शास्त्रज्ञ १९५७ मध्ये भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

तक्ता आला, पण काटा अजून दुसऱ्याच्याच हातात. डायव्हर खाली, हवेची नळी वर, घड्याळ जहाजावरच्या साहेबाकडं. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवरच्या टाकीतून श्वास घ्यायचं साधन केलं आणि माणूस नळीपासून सुटला. आता हिशोबही त्यालाच ठेवायचा होता. मनगटावर घड्याळ, खोली दाखवणारा मीटर आणि तक्ता पाठ. अमेरिकन नौदलाचा जुना तक्ता असा: ६० फुटांवर ६० मिनिटं, १०० फुटांवर २५. साठ फूट म्हणजे आपली दहा परसाची विहीर.

तक्त्यातले आकडे आभाळातून पडलेले नव्हते. वर यायचा वेग किती धरायचा, यावर त्या नौदलात घासाघीस झाली. जड शिरस्त्राणवाले म्हणाले मिनिटाला २५ फूट, पोहणारे कमांडो म्हणाले शंभर. सौदा ६० वर तुटला, कारण सेकंदाला एक फूट मोजायला सोपं. आज त्याच्या निम्माच वेग सुरक्षित मानतात.

तक्त्याची आणखी एक अडचण होती. दहा परसाच्या तळाला दोन मिनिटं टेकून बाकी वेळ चार परसावर काढला, तरी तक्ता सगळा वेळ दहा परसाचाच धरायचा. प्रत्येक क्षणाची खोली वेगळी मोजणारं यंत्र पाहिजे होतं. १९५९ मध्ये इटलीत पिशवी आणि सच्छिद्र मातीच्या तुकड्यावर चालणारा एक मीटर निघाला, पण तो इतका बेभरवशाचा, की डायव्हर त्याला बेंड्स देणारं यंत्रच म्हणायचे. मग मायक्रोचिप आली. १९८३ मध्ये अमेरिकेत 'एज' आणि युरोपात 'डेकोब्रेन' असे दोन कॉम्प्युटर बाजारात आले. त्याच सुमारास झुरिकच्या ब्यूलमान या डॉक्टरनं हॉल्डेनच्या पाच भागांचे सोळा केले. स्वित्झर्लंडची तळी डोंगरात, म्हणून त्यानं उंचीचाही हिशोब घातला. आजच्या बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये त्याचंच गणित आहे.

मुकादमाच्या शिट्टीपासून स्वतःच्या मनगटापर्यंत काटा यायला एवढी वर्षं लागली. मग तो परत दुसऱ्याच्या हातात का द्यायचा?

भाच्याला मग इतकंच सांगितलं.

पहिलं, कॉम्प्युटर ज्याचा त्याचा. दोघांत एक चालत नाही. घ्यायला जमत नसेल तर भाड्यानं घे, पण प्रत्येक डाइव्हला तोच घे. सकाळी किती नायट्रोजन मुरला हे ज्या यंत्राला माहीत आहे, तेच दुपारी बरोबर सांगेल.

दुसरं, गढूळ पाण्यात आणि घाबरल्यावर वाचता येईल असा मोठा आकडा बघ. आपला समुद्र काही अंदमानसारखा काचेचा नाही. बटणं कमी असलेली बरी.

तिसरं, सेल कुठला आहे ते विचार. स्वतः बदलता येतो का, की कंपनीकडं पाठवावा लागतो? लातुरात त्याचं सर्व्हिस सेंटर शोधत बसशील. चार्जिंगचा असेल तर डाइव्हच्या आदल्या रात्री आठवण ठेव.

चौथं, जास्त सावध राहायची सेटिंग आणि उंचीची सेटिंग आहे का बघ. टाकीतली हवा दाखवणं, रंगीत स्क्रीन, मोबाईलला जोडणं, हे नवशिक्यासाठी चैनीचं. सुंटो, क्रेस्सी, मारेस, कुठलाही साधा कॉम्प्युटर चालेल, फक्त माहितीपत्रक पूर्ण वाच.

पाचवं, हातातल्या साध्या फिटनेस घड्याळावर '५० मीटर वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं, म्हणून ते डाइव्ह कॉम्प्युटर होत नाही. त्याला तुझ्या रक्तातलं काही कळत नाही.

आणि शेवटचं, कॉम्प्युटरलाही सगळं कळत नाही. रात्रभर गाडीत जागलास, पाणी कमी प्यायलास, आदल्या दिवशी 'बसला' होतास, हे त्याला दिसत नाही. शेळ्यांवरून निघालेलं ते एक गणित आहे, तुझा डॉक्टर नाही.

आता तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी. आपल्याकडून मालवण-तारकर्लीला जाणारे बहुतेक जण कोर्स करत नाहीत, हात धरून दहा-पंधरा मिनिटं काही मीटर खाली जाऊन फोटो काढून येतात. एवढ्यात बेंड्सची भीती जवळजवळ नसते आणि कॉम्प्युटरही लागत नाही. पण एक सवय घातक आहे. आपण विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. तिथं बुडी म्हणजे श्वास रोखणं. स्कुबात हेच करायचं नाही. दहा मीटरवर छातीभर हवा घेऊन, श्वास रोखून वर आलात, तर ती हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. श्वास चालूच ठेवायचा. कान दुखला की तिथंच खूण करायची. दमा, कानाचं ऑपरेशन, हृदयाचा त्रास असेल तर फॉर्मवर खरं लिहायचं.

मोजायचं ते फक्त पाण्याखालचंच नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. बोटीत माणसं किती, लाइफ जॅकेट किती, समुद्र कसा, हे मोजायला यंत्र लागत नाही. मोजा, आणि नसेल पटत तर उतरू नका. पैसे बुडाले तर बुडू द्या.

भाच्याच्या फोनवर परत येतो. शेवटी सहज विचारलं, निघणार कधी? म्हणाला, "दुपारी बाराला शेवटची डाइव्ह, तीनला गाडी, पहाटे लातूर." दोन दिवसांत चार डाइव्ह झालेल्या. नियम विमानाचा आहे: एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८ तास उडायचं नाही, कारण वर हवेचा दाब कमी आणि अंगात उरलेल्या नायट्रोजनला तेवढंच निमित्त पुरतं. त्या नियमात उंची धरली आहे साधारण सहाशे मीटरपासून पुढची. आंबोली त्याच्या वर. आपलं लातूरही पठारावर, पाचशेच्या पुढं. घाट म्हणजे विमान नव्हे, धोका कमी. पण कोकणातून देशावर यायचं तर तीन तासांत चढ चढावाच लागतो. माझ्या वाचनात घाट आला होता, त्याच्या वेळापत्रकात नव्हता.

तो रात्री तिथंच राहिला. गाडीवाल्याशी वाद झाला, एका दिवसाचं भाडं गेलं. त्या रात्री निघाला असता तर काही झालं असतं का? बहुतेक नाही. पण ते 'बहुतेक' कुणी मोजलं होतं?

म्हणून लातूर-नांदेडहून कोकणच्या सहली नेणाऱ्यांना, कॉलेजच्या सरांना एकच विनंती. कोर्स करणारी, खोल जाणारी पोरं असतील तर शेवटचा दिवस कोरडा ठेवा. किल्ला बघा, मासे खा, डाइव्ह नको. आणि घरी आल्यावर एक-दोन दिवसांत कुणाचा खांदा-गुडघा विनाकारण दुखला, मुंग्या आल्या, तर बाम चोळत बसू नका. डॉक्टरांना आधी सांगा, "मी समुद्रात डाइव्ह करून आलोय." समुद्रापासून इतक्या लांब बसलेल्या डॉक्टरच्या मनात ते आपणहून येणार नाही, आणि उपचार वेगळा आहे: ऑक्सिजन आणि दाबाची खोली.

भाच्यानं शेवटी साधा, एका बटणाचा कॉम्प्युटर घेतला. परवा घरी आला तर आजीला दाखवत होता. आजीनं हातात घेऊन, उलटापालटा करून विचारलं, "म्हणजे काटाच ना हा? मग नीट वाचायला शीक."

मालवणला निघालेलं कुणी ओळखीचं असेल तर एवढं वाचायला पाठवा.